डेटाशीटची बखर आणि सिलिकॉनचा अस्सल कागद



१९९९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील टेक्सास राज्यात, बोमाँट येथील न्यायालयात तोशिबा कंपनीने एका सामूहिक दाव्यात तडजोड केली. तडजोडीची किंमत सुमारे २१० कोटी डॉलर. दावा होता लॅपटॉपमधल्या फ्लॉपी कंट्रोलरबद्दल, म्हणजे फ्लॉपीवरचे लिहिणे-वाचणे सांभाळणाऱ्या भागाबद्दल. वादींचे म्हणणे असे होते : संगणक दुसऱ्या कामात गुंतला आणि सेक्टरचा, म्हणजे फ्लॉपीवरच्या ठरावीक मापाच्या तुकड्याचा, अखेरचा बाइट कंट्रोलरपर्यंत वेळेवर पोचला नाही, तर कंट्रोलरने तशी तक्रार नोंदवायला हवी, ती न नोंदवता तो चुकीचाच बाइट लिहून मोकळा होतो. पुढचा भाग अधिक गंभीर आहे. सेक्टरच्या शेवटी पडताळणीसाठी जी बेरीज लिहिली जाते, ती या चुकीच्या बाइटला धरूनच केली जाते. त्यामुळे तो सेक्टर पुढे केव्हाही वाचला तरी बेरीज बिनचूक जुळते आणि संगणक सांगतो की सर्व ठीक आहे. चूकच स्वतःवर खरेपणाचा शिक्का मारून घेते. तोशिबाने दोष कबूल केला नाही. माहिती बिघडल्याची एकाही ग्राहकाची तक्रार आलेली नाही, असे तिने सांगितले. ते खरेही असेल. तक्रार करायला आधी चूक दिसावी लागते, आणि इथे वादाचा विषयच न दिसणारी चूक हा होता.

त्या खटल्याच्या कायदेशीर बाजूत मला जायचे नाही. त्यातून एकच प्रश्न उचलायचा आहे. या कुळातल्या चिप्सची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाने छापलेली माहितीपुस्तिका, उघडली तर तिथे स्वच्छ लिहिलेले आढळते की बाइट वेळेत न मिळाल्यास 'ओव्हररन'चा बिट चढवला जातो. छापील शब्द एक सांगतो आणि चिप, निदान काही क्षणी, दुसरे करते. अशा वेळी प्रमाण कोणाचे मानायचे? मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत नेली. घटनेनंतर, सांगणाऱ्याच्या सोयीने रचलेली बखर आणि घटनेच्या ओघात लिहिले गेलेले अस्सल पत्र यांचे मोल सारखे नाही, ही जाण आपल्याकडे त्या परंपरेने रुजवली. बखर टाकाऊ नसते; पण अस्सल कागद हाती आला की तिचे म्हणणे त्याच्याशी ताडून पाहावे लागते. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे की फ्लॉपी कंट्रोलरच्या बाबतीत डेटाशीट ही बखर आहे आणि सिलिकॉनचा तुकडा हा अस्सल कागद. जुन्या चिपचे आवरण काढून, तिच्यातल्या तारा आणि ट्रान्झिस्टर एकेक करून वाचून काढण्याच्या उद्योगाला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि बहुतेक लोक त्याला हौशी मंडळींचा छंद समजतात. मी त्याला दप्तरखान्याचे काम समजतो. ज्या चिप्सनी पंचवीसएक वर्षांचे जगाचे लेखन तबकड्यांवर उतरवले, त्यांचे वाचन झाल्याखेरीज त्या लेखनाचा पाठ निश्चित होत नाही.

हे पटण्यासाठी फ्लॉपीवर प्रत्यक्षात काय असते ते पाहावे लागेल. तिच्यावर अक्षरे नसतात; शून्य आणि एकही नसतात. असतात त्या फक्त चुंबकत्वाची दिशा जिथे पालटते त्या जागा. साडेतीन इंची दुहेरी घनतेची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. बिटांचा वेग सेकंदाला अडीच लाख. तेव्हा एका ट्रॅकवर, म्हणजे एका वर्तुळाकार रांगेत, ५०,००० बिट, अर्थात ६,२५० बाइट मावतात. पीसी याच ट्रॅकवर ५१२ बाइटांचे ९ सेक्टर ठेवतो. त्यांचे होतात ४,६०८. उरलेले १,६४२ बाइट जातात मोकळ्या जागांत, सेक्टरांच्या क्रमांकांत, सुरुवातीच्या खुणांत आणि पडताळणीच्या बेरजांत. वापरणाऱ्याला कधीही न दिसणारा हा चौथा हिस्सा सर्वस्वी कंट्रोलरच्या ताब्यात असतो. दिसणाऱ्या तीन हिश्शांचेही तसेच. एमएफएम नावाच्या लेखनपद्धतीत एकासाठी पालट लिहितात, आणि शेजारशेजारची दोन शून्ये आली तरच त्यांच्यामध्ये क्लॉकचा, म्हणजे केवळ ताल राखण्यासाठी, एक पालट घालतात. त्यामुळे लागोपाठच्या दोन पालटांमध्ये ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद एवढेच अंतर असू शकते. कंट्रोलरने ही अंतरे मोजायची आणि त्यांवरून बिट सांगायचे.

मोजायचे म्हटले तरी मोटरचा वेग एकसारखा राहत नाही, आणि जवळ आलेले पालट एकमेकांना ढकलतात. तालाची लय थोडी पुढेमागे झाली तरी जाणकार श्रोता मात्रा चुकत नाही. तो मनातली मोजणी लयीबरोबर सरकवत राहतो. कंट्रोलरमधला किंवा त्याच्या जोडीला बसवलेला 'डेटा सेपरेटर' हेच करतो. तो प्रत्येक पालटाभोवती काळाची एक खिडकी उघडतो, पालट खिडकीच्या मधोमध पडला की अलीकडे-पलीकडे ते पाहतो आणि पुढची खिडकी त्या मानाने सरकवतो. किती सरकवायची, किती लवकर सरकवायची, किती चुका पोटात घालायच्या, हे ज्या त्या चिपच्या रचनाकाराने आपल्या पद्धतीने ठरवले. मात्रा कुठून मोजायला सुरुवात करायची, म्हणजे सम कुठे, हेही सांगावे लागते. त्यासाठी 'ए१' या बाइटमधला एक क्लॉक मुद्दाम गाळून लिहितात. नियमाने लिहिलेल्या मजकुरात अशी आकृती येत नाही, म्हणून ती दिसली की कंट्रोलर समेवर येतो. फ्लॉपीवरचा मजकूर वाचणे ही अशी सतत निर्णय घेण्याची क्रिया आहे. ते निर्णय ज्या नियमांनी घेतले जातात ते नियम फ्लॉपीवर लिहिलेले नसतात. ते चिपमध्ये असतात.

आणि चिप्स अनेक होत्या. आयबीएमची आठ इंची फ्लॉपी १९७१ ची, शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची १९७६ ची. त्याच सुमारास वेस्टर्न डिजिटलने 'एफडी १७७१' ही कंट्रोलर चिप आणली. पुढे तिच्याच वंशात १७९३ आली आणि मग डेटा सेपरेटर पोटात घेतलेल्या, अवघ्या २८ पायांच्या १७७० आणि १७७२. अटारी एसटी या संगणकात १७७२ होती. दुसरा मोठा वंश जपानच्या एनईसीच्या ७६५ चा. इंटेलने तीच चिप ८२७२ या नावाने काढली, १९८१ च्या आयबीएम पीसीत हे कूळ शिरले आणि नंतरच्या जवळजवळ प्रत्येक पीसीत त्याचे वंशज राहिले. सोव्हिएत संघात १७९३ शी जुळणारी स्वतःची चिप निघाली आणि तिकडच्या, 'स्पेक्ट्रम' नावाच्या संगणकासारख्या, घरगुती संगणकांनी तिच्यावर आपले फ्लॉपीवरचे लेखन केले. ॲपलसाठी स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७८ मध्ये मोजक्या सुट्या चिप्स आणि एक छोटा प्रॉम एवढ्यावर काम भागवले. कमोडोर १५४१ या ड्राइव्हमध्ये कंट्रोलर चिपच नव्हती. ड्राइव्हच्या आत ६५०२ प्रोसेसर होता आणि त्याच्या रॉममधला प्रोग्राम हीच कंट्रोलरची बुद्धी. हा शेवटचा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १५४१ चा रॉम बाहेर काढून ओळ न् ओळ वाचता येतो, आणि लोकांनी तो वाचलेला आहे. वेस्टर्न डिजिटलच्या चिपमध्ये त्याच जागी असतो पीएलए नावाचा ट्रान्झिस्टरांचा तक्ता. १७९३ च्या डेटाशीटमधल्या आकृतीत तो एक रिकामा चौकोन आहे आणि त्यात '२३० × १६' एवढेच लिहिले आहे. चिप कुठल्या क्षणी काय करील याचे उत्तर त्या चौकोनात आहे. डेटाशीट त्याचे फक्त माप सांगते.

आता पहिला आक्षेप घेऊ. डेटाशीट अपुरी असेल, पण कामापुरती पुरेशी नाही का? वापरणाऱ्याला आज्ञा आणि उत्तरे कळली म्हणजे झाले, आतले कशाला? हा आक्षेप त्या काळच्या लेखकांनीच खोडून ठेवला आहे, कारण त्यांनी चिपच्या छापील वचनावर नव्हे, तिच्या प्रत्यक्ष वागण्यावर लेखन केले. १९८७ मध्ये एफटीएल कंपनीने अटारी एसटीसाठी काढलेल्या 'डन्जन मास्टर' या खेळाची फ्लॉपी पाहा. तिच्या पहिल्याच ट्रॅकवर २४७ क्रमांकाचा एक सेक्टर आहे. २४७ म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत एफ७. १७७२ ला संपूर्ण ट्रॅक लिहिण्याची आज्ञा दिली आणि मजकुरात एफ७ हा बाइट पाठवला, तर ती एफ७ लिहीतच नाही; 'इथे बेरीज लिही' असा त्याचा अर्थ घेऊन बेरजेचे दोन बाइट लिहिते. म्हणजे अटारीची स्वतःची चिप हा सेक्टर वाचू शकते, निर्माण करू शकत नाही. खेळाच्या कर्त्यांनी याहून सूक्ष्म गोष्टही केली. एका सेक्टरमध्ये त्यांनी काही पालट ४ आणि ६ मायक्रोसेकंदांच्या मधोमध, पाचाच्या आसपास ठेवले. असा पालट खिडकीच्या अगदी काठावर पडतो. मोटर केसभर हळू फिरली तर एक उत्तर, जलद फिरली तर दुसरे. खेळ तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचतो. उत्तर दर वेळी बदलले तर फ्लॉपी अस्सल. तेच ते आले तर नक्कल. इथे 'मूळ मजकूर कोणता' या प्रश्नाला बिटांत उत्तरच नाही. मजकूर आहे तो पालटाची जागा आणि १७७२ चा डेटा सेपरेटर यांच्या संबंधात. तो सेपरेटर ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर, म्हणजे १२५ नॅनोसेकंदांच्या पावलांनी चालतो. २ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत अशी १६ पावले बसतात. कितव्या पावलावर तो काय ठरवतो हे कळल्याशिवाय या फ्लॉपीचे वर्णन पुरे होत नाही.

याच चिपची संपूर्ण ट्रॅक वाचण्याची आज्ञाही शिकवणारी आहे. नावावरून वाटते की ट्रॅकवर जे आहे ते जसेच्या तसे मिळेल. पण ही आज्ञा चालू असताना सम ओळखणारा भाग जागाच राहतो. साध्या मजकुरात बिटांचा विशिष्ट क्रम आला की त्याला खुणेचा भास होतो, तो मध्येच समेवर येतो, आणि तिथून पुढचे बाइट सरकून बाहेर पडतात. संपूर्ण ट्रॅक वाचल्याचा दाखला देणारी आज्ञा ट्रॅकची विश्वासू नक्कल देत नाही. ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रो या संगणकाची कथा अशीच आहे. हा तोच संगणक, जो १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांतही आला. त्याला आधी इंटेलची ८२७१ कंट्रोलर चिप लावत. पुढे तिच्या जागी १७७० आली. फायली वाचणे-लिहिणे दोन्हींवर चालत होते. पण नक्कल रोखण्यासाठी ८२७१ शी थेट बोलणारे प्रोग्राम नव्या चिपवर अडले. फ्लॉपी तीच, बिट तेच, वाचणारी चिप बदलली आणि कृती बंद पडली.

मग सिलिकॉन वाचायचे कसे? चिपचे काळे इपॉक्सीचे आवरण तीव्र नायट्रिक आम्लाने खाऊन टाकतात. आत काही मिलिमीटरांचा तुकडा उरतो. धातुपरीक्षणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे शेकडो फोटो घेऊन ते एकमेकांना जोडतात. मग वरचा ॲल्युमिनियमचा थर विरघळवून खालच्या थरांचे फोटो घेतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील या चिप्स एनमॉस पद्धतीच्या होत्या : धातूचा एक थर, पॉलिसिलिकॉनचा एक थर आणि खाली डिफ्यूजन. पॉलिसिलिकॉनची पट्टी डिफ्यूजनच्या पट्टीला जिथे ओलांडते तिथे ट्रान्झिस्टर असतो. रेघांची रुंदी काही मायक्रोमीटर, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रोमीटर. म्हणून साध्या प्रकाशात हा सगळा नकाशा दिसतो. आजच्या चिपबाबत हे शक्य नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राची बुद्धी डोळ्यांनी वाचता येण्याचा हा एक छोटा काळ होता, आणि फ्लॉपी कंट्रोलर नेमके त्याच काळातले आहेत, हे आपले भाग्य. ग्रेग जेम्स, बॅरी सिल्व्हरमन आणि ब्रायन सिल्व्हरमन यांनी २०१० मध्ये ६५०२ प्रोसेसरचे असे वाचन पुरे करून दाखवले. फोटोवरून प्रत्येक पट्टीची आकृती काढली, त्यांवरून ट्रान्झिस्टरांची जाळी तयार केली, आणि ती जाळी संगणकावर चालवली तेव्हा चिप जशी वागत होती तशीच ती वागली. फ्लॉपी कंट्रोलरही असाच वाचता येतो. पीएलएच्या तक्त्यात तर छेदावर ट्रान्झिस्टर आहे की नाही एवढेच पाहायचे. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८० जागा. एका माणसाच्या नजरेच्या आवाक्यातले काम आहे हे, कंटाळवाणे असले तरी.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्या लोकांचा असतो. चिप नष्ट करण्याची काय गरज? तिला बाहेरून प्रश्न विचारा, ठरावीक अंतराचे पालट द्या, काय उत्तर येते ते नोंदवा; पुरेसे प्रयोग केले की वागणूक कळतेच. ही पद्धत मी कमी लेखत नाही. एमुलेटर नावाच्या, जुने संगणक नव्यावर जिवंत करणाऱ्या प्रोग्रामांचे बरेचसे ज्ञान तिनेच मिळवलेले आहे. पण प्रयोग फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तोशिबाच्या दाव्यातली स्थिती आठवा : सेक्टरचा अखेरचाच बाइट, आणि नेमका उशिरा. कोणत्या क्षणी उशीर झाला तर काय होते, हा प्रश्न ज्याला सुचला त्यालाच ते उत्तर मिळाले. ज्यांना सुचला नाही त्यांनी कोट्यवधी वेळा त्या कुळातल्या चिप्स वापरल्या आणि त्यांना काहीच कळले नाही. सर्किट समोर असले की उलट दिशेने जाता येते. ओव्हररनचा बिट चढवणारी तार कुठून येते, तिच्या वाटेत कोणती अट आहे, ती अट अखेरच्या बाइटला पुरी होते का, हे बोट ठेवून पाहता येते. तिसरी एक वाटही आहे, ती पेटंटांची. त्या काळच्या एका पेटंटात डिजिटल फेज-लॉक्ड लूपचे, म्हणजे येणाऱ्या पालटांची लय धरून ठेवणाऱ्या सर्किटाचे, सविस्तर वर्णन आहे आणि १७७२ चा डेटा सेपरेटर समजून घेताना अभ्यासकांना त्याचा मोठा आधार मिळाला. पण पेटंट हेही शेवटी हक्काच्या मागणीसाठी लिहिलेले कागद. कारखान्यातून बाहेर पडलेल्या चिपमध्ये तेच आणि तेवढेच आहे याची ग्वाही चिपच देऊ शकते.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो सर्वांत सबळ वाटतो. क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल यांसारखी उपकरणे आता कंट्रोलरला वगळून थेट पालटांच्या वेळा टिपतात. चुंबकत्वाचा सगळा आलेखच हाती आल्यावर मधल्या चिपची गरज कुठे उरली? या उपकरणांनी केलेले काम मोठे आहे. फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप दरवर्षी थोडा थोडा जातो आहे, तेव्हा पहिले काम हेच : वेळा टिपून ठेवा. मोडीतला कागद वाळवीच्या तोंडून सोडवून त्याचा फोटो काढणे हे जसे पहिले काम. पण फोटो म्हणजे वाचन नव्हे. टिपलेल्या वेळांमधून बिट काढायला पुन्हा एक डेटा सेपरेटर लागतोच. फक्त तो आता प्रोग्राममध्ये असतो आणि कोणीतरी आज लिहिलेला असतो. तो जुन्या चिपपेक्षा हुशार असेल तर जिथे मूळ यंत्र अडखळत होते तिथे सरळ वाचून जाईल, आणि मग 'डन्जन मास्टर'ची अस्सल फ्लॉपी नक्कल ठरेल. मोडलेल्या सेक्टरातून मजकूर सोडवताना हुशार वाचक हवा. त्या काळच्या यंत्राला काय दिसत होते हे सांगताना मात्र त्या काळचाच वाचक हवा. संपादक अपपाठ दुरुस्त करतो, पण पोथीत काय होते ते तळटीपेत राखतो. ही दुहेरी शिस्त इथेही पाळली पाहिजे.

हे सगळे खेळांपुरतेच असेल तर एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खेळही एका पिढीची निर्मिती आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही. पण प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातील फ्लॉप्यांमधून बाहेर आली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातील लोकांनी क्रायोफ्लक्स वापरून त्या उतरवल्या. अमिगात वेस्टर्न डिजिटलची किंवा एनईसीची चिप नव्हती. 'पॉला' नावाची चिप पालटांवरून काढलेला कच्चा बिटप्रवाह स्मृतीत घेई आणि अर्थ लावण्याचे काम प्रोग्राम करी. म्हणून ७६५ च्या कुळातला कंट्रोलर असलेल्या पीसीला अमिगाची फ्लॉपी वाचता येत नाही. कंट्रोलर संपला असे समजणेही चूक. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' या नावाने एक सुरक्षादोष जाहीर झाला. क्लाउडच्या सर्व्हरांवर एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल होती. तिच्यातल्या दोन आज्ञा पुऱ्या झाल्यावर बाइट मोजणारा आकडा शून्यावर आणायचा राहून गेला होता. त्या फटीतून आभासी संगणकातला माणूस बाहेरच्या यंत्रात शिरू शकत होता. ही चूक २००४ पासून तिथे होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, कंट्रोलर मात्र हजर होता, आणि तो नीट वाचलेला नव्हता.

मराठीचाही यात प्रत्यक्ष संबंध आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपली पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल पीसीवर जुळवले जात आणि छपाईसाठी फ्लॉपीवरून जात. श्रीलिपी, आकृती अशा संचांतल्या फाँटांची संकेतावली ज्याची त्याची. युनिकोड नंतर रुळला. त्या फाँटांत काना, मात्रा, अर्धे अक्षर यांना स्वतंत्र बाइट असत. आता तोशिबाच्या दाव्यातील बाइट या पानावर आणून पाहा. सेक्टरच्या शेवटचा एक बाइट बदलला, बेरीज जुळली. इंग्रजी मजकुरात असा बाइट बहुधा विजोड अक्षर होऊन खटकेल. या फाँटांत तो ऱ्हस्वाचा दीर्घ करील, काना उडवील, आणि वाचणारा त्याला जुळारीची चूक समजेल. असे अमुक पुस्तकात घडले असे मी म्हणत नाही. पण एखाद्या लेखकाच्या फ्लॉपीतला पाठ आणि छापील पाठ यांत फरक आढळला तर संपादकापुढे आजवर दोनच शक्यता असत, लेखकाने बदलले किंवा जुळाऱ्याने चुकवले. तिसरा संशयित पीसीच्या पेटीत बसलेला होता, आणि त्याला निर्दोष किंवा दोषी ठरवायचे तर त्याचे सर्किट वाचलेले हवे.

राहिला कायदा. दुसऱ्याने रचलेली चिप उकलणे ही चोरी आहे, असे मानणारे सज्जन पुष्कळ आहेत. अमेरिकेने १९८४ मध्ये चिपच्या आराखड्याला संरक्षण देणारा कायदा केला, त्यातच शिकवण्यासाठी, विश्लेषणासाठी आणि मूल्यमापनासाठी आराखडा उतरवून घेण्यास मोकळीक ठेवली. भारताच्या २००० सालच्या अर्धवाहक आराखडा कायद्यातही संशोधन आणि अध्यापन यांना तशीच मोकळीक आहे. दोन्हीकडे संरक्षणाची मुदत दहा वर्षांची. ज्या चिप्सविषयी आपण बोलतो आहोत त्यांची मुदत कधीच सरली, त्या काळची पेटंटेही संपली. नक्कल रोखणाऱ्या कुलुपांचा प्रश्न वेगळा. पण तिथेही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये, ज्यांना मूळ जुने माध्यम किंवा यंत्रच लागते अशा कालबाह्य प्रोग्रामांना सूट दिली. कायदा वाट अडवून उभा नाही. कमतरता आहे ती हे काम कोणाचे, हे ठरवण्याची. संग्रहालये फ्लॉप्या जपतात, संगणकही जपतात. चिपचे वाचन मात्र बहुतांशी रात्री जागून, स्वखर्चाने काम करणाऱ्यांवर सोडून दिले जाते. त्यांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातली कसोशी ठाऊक आहे. अभिलेखागारांनी ते आपले मानावे, एवढी मागणी रास्त आहे.

सिलिकॉनच्या वाचनालाही मर्यादा आहेत, आणि त्या आपणच सांगितलेल्या बऱ्या. फोटोत तर्क दिसतो, विद्युत स्वभाव पूर्ण दिसत नाही. काठावरचा संकेत आला असता ट्रान्झिस्टर किती वेळ डगमगेल हे रेघांवरून सांगता येत नाही. ड्राइव्हमधला वाचनाचा अँप्लिफायर कंट्रोलरच्या आधी आपला हात फिरवतो. म्हणून उघडलेली चिप आणि चालू चिप यांचा जोडीने अभ्यास हवा. शिवाय एकच क्रमांक म्हणजे एकच चिप असेही नाही. उत्पादक मधूनच आराखडा सुधारतात, डेटाशीट तीच ठेवतात. पोथ्यांप्रमाणे इथेही प्रती पाहाव्या लागतात, आणि एका प्रतीवरून साऱ्या वंशाविषयी बोलणे धोक्याचे. अडचण ही की प्रत वाचायची म्हणजे ती संपवायची. लाखोंनी निघालेल्या चिपचा एक नग गेला तर काही बिघडत नाही. दुर्मीळ आवृत्तीबाबत मात्र थांबून विचार केला पाहिजे. दोन्ही बाबतीत आधीची कृती एकच. चिपच्या पाठीवर क्रमांकाखाली बहुधा चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे : ८५३२ म्हणजे १९८५ चा बत्तिसावा आठवडा. आम्ल सर्वांत आधी तेच पुसते. चिप कोणत्या यंत्राच्या कोणत्या बोर्डवरून काढली याच्यासह ते चार आकडे टिपून घ्यायचे, पाठीचा फोटो काढायचा, आणि मगच बाटलीचे बूच उघडायचे.